देवाचे केस

गावाकडून, दुबलगुंडीहून फोन आला तेव्हा मल्लेश हैदराबादच्या एका दवाखान्यात बाकावर बसला होता. मांडीवर छातीचा फोटो, कानाशी मायचा आवाज. म्हाळसाबाई फोनवर नेहमी हाळी दिल्यासारखीच बोलायची.

"मल्ल्या, देव आलाय रं भागीच्या माथ्यावर! चंद्रम्माला वेणी घालताना गावला. कानामागं पांढरा फक्क झुपका. अवसंला ये. घोंगडी घालायची हाय."

भागी म्हणजे भाग्यलक्ष्मी, मल्लेशची लेक; चंद्रम्मा त्याची बायको. तिचे दुधाचे दात अजून पडत होते.

या धनगराच्या घरात ज्याचे केस वेळेआधी पिकतात तो बिरोबाचा. त्याला देवापुढं बसवायचं, वरून वाडवडलांची काळी घोंगडी पांघरायची, आत निखाऱ्यावर ऊद घालायचा. धूर केसांत मुरला की देव घरात ठरतो. मल्लेशच्या आज्याचे केस पिकले तेव्हा त्याला जावई आले होते. बाप बिराप्पाचे पिकले तेव्हा मल्लेश रांगत होता. मल्लेशला तर मिसरूडही फुटलं नव्हतं. पिढीगणिक देव घाईनं यायला लागला, याचा म्हाळसाबाईला कोण अभिमान. आजा खोकत खोकत म्हातारपणी गेला. बिराप्पा तरणाताठा असतानाच श्वासाला महाग होऊन गेला. लोक म्हणाले, दमा. आता मल्लेशला जिना चढवत नव्हता. लोक म्हणाले, फरशी कापतो ना, धूळ.

"धूळ आहेच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या उदगीरच्या निघाल्या, म्हणून मराठीत बोलत होत्या. "पण केस कधी पिकले? वडलांचे?"

त्यानं सांगितलं. रक्ताचा निकाल पुढ्यात घेऊन त्या हळू बोलू लागल्या. अंगातल्या कणाकणात धागे असतात. त्या धाग्यांच्या टोकाला राखण असते, टेलोमिअर म्हणतात तिला. अंग वाढतं, झिजतं, नवं होतं, तशी ती राखण थोडी थोडी आखूड होते. लेकरू जन्मतं ते आईबापाकडून मिळालेल्या लांबीवरच. तुमच्या घराण्यात एक खोट आहे, झीज भरून काढणारं कामच मंद आहे. म्हणून प्रत्येक पिढी आधीच्यापेक्षा आखूड टोक घेऊन येते, आणि सगळं लवकर होतं. आधी केस. मग फुप्फुसं.

"वाढवता येतं का ते, बाई?"

"नाही. तुमच्यासाठी धूर-धूळ टाळून सांभाळणं आहे. मुलं आहेत?"

तेवढ्यात मायचा फोन आला होता, आणि तो उठून बाहेर बाकावर येऊन बसला होता.

अवसेच्या दिवशी हुमनाबादला उतरून तो टमटममध्ये बसला. वाटेत दोन्ही अंगांना तूर फुलली होती. त्याला वाटेभर एकच दिसत होतं. त्याच्या वेळचा, घोंगडीखालचा तो काळोख. लोकर डोळ्यांत टोचत होती, धूर गळ्यात उतरत होता, बाहेरून माय म्हणत होती, थांब लेकरा, देव बसायलाय. तो खोकत होता आणि बाहेर बाया हात जोडत होत्या.

घरात शिरला तर अंगणातूनच ओवी ऐकू आली. माय शेगडी फुंकत गात होती:

*पांढऱ्या गं केसाचा, देव उतरला घरी*
*नात माझी ल्हानगी, त्याची बसायाची पायरी*

भागी देवापुढं मांडी घालून बसली होती. नवं परकर पोलकं, कपाळभर भंडारा. घोंगडी तिच्या खांद्यापर्यंत आली होती.

"अप्पा! मी देवाची झाले. पिंकी म्हणली तिला बी पायजे पांढरे केस."

मल्लेशनं वाकून शेगडी उचलली आणि दाराबाहेर नेऊन ठेवली. तेवढ्यानंच त्याला धाप लागली.

"कामून उचललास रं?" म्हाळसाबाई उठली. "हैदराबादचं पाणी लागलं व्हय? निखारा न्हाई तर देव कशावर बसंल, तुझ्या मोबाईलवर?"

"माय, धूर नगं तिला."

"तुला नव्हता का घातला?"

"घातला की. बघ मग माझ्याकडं."

चंद्रम्मा भाकरीचं पीठ लागलेले हात तसेच घेऊन चुलीपासून उठून आली. मल्लेश उंबऱ्यावर बसला. डॉक्टरीणबाईंचं बोलणं त्याला जसंच्या तसं आठवेना. त्यानं घोंगडीचा काठ हातात घेतला.

"हे दोरे गाठ मारून सोडल्यात न्हाई का, तसे अंगात बी असतेत. हे झिजले की इणलेलं उसवतंय. आज्याचे आखूड होते. माझ्या अप्पाला त्याच्याहून आखूड मिळाले, मला अप्पाहून. केस त्याच्यानंच पिकत्यात, माय. खोकला बी त्याच्यानंच."

"आन् हिला?"

"तपासायचंय. खोट आली असंल, न्हाई बी आली असंल. न्हाई आली तरी टोक माझंच आखूड मिळालं असंल तिला."

"अवशीद?"

"दोरा लांब करायचं न्हाई."

"मग सांगायलास कामून?" म्हाळसाबाई ओरडली. "बरं चाललं होतं की आमचं!"

"धूर नगं, धूळ नगं, चुलीपशी नगं. एवढंच हाय हातात."

चंद्रम्मानं धुरानं काळ्या झालेल्या भिंतीकडं पाहिलं, मग लेकीकडं. म्हाळसाबाई खाली बसली.

"तू आत खोकत होतास," ती मघापेक्षा बारीक आवाजात म्हणाली. "मी म्हणलं देव बोलायलाय. अजून ऊद घाल म्हणलं मीच."

बाहेर शेगडी एकटीच धुमसत होती. म्हाळसाबाई उठली, तांब्या घेऊन गेली, निखाऱ्यावर पाणी ओतलं आणि उठलेली वाफ सरेपर्यंत पाठमोरी उभी राहिली.

"आज्जी, मग मी आता देवाची न्हाई?" भागीचा ओठ वाकडा झाला.

"हायस गं," म्हाळसाबाई वळून न बघताच म्हणाली.

भागीला तेवढ्यानं पटलं नाही. मल्लेशनं तिच्या खांद्यावरची घोंगडी काढली आणि तिला बाहेर ओट्यावर नेलं. तिच्या पोलक्याला लोकरीचा एक पुंजका चिकटला होता. तो तळहातावर घेऊन त्यानं तिच्यापुढं धरला.

"फुंक."

तिनं गाल फुगवून फुंकर मारली. पुंजका अंगण ओलांडून शेळीच्या खुंट्यापर्यंत गेला. मल्लेश तिच्या दमाचं ते अंतर डोळ्यांनी मोजत राहिला. मग उतरला, पुंजका उचलला, धापा टाकत परत आला.

"पुन्यांदा."

पुन्हा खुंट्यापर्यंत. थोडा पलीकडंच.

"आणखी एकदा, बाई."

"अप्पा, बस की आता," भागी कंटाळून म्हणाली. "दमायलास तू."

"तू न्हाई ना दमलीस?"

"मी कशाला दमू?"

"मग मार फुंकर," मल्लेश म्हणाला, आणि तळहात पुन्हा पुढं धरला.