चांदव्याचं घर आणि विट्स्केचं घर

विट्स्के फ्रीसलंड या सखल, कालव्यांच्या प्रांतातल्या पाणी मंडळात इंजिनीयर होती आणि अलीकडे स्वतःला वरुणदेवाची धाकटी बहीण समजू लागली होती. तिने कालव्याकालव्यावर पाण्याची पातळी मोजणारे सेन्सर बसवले होते. ते बिनतारी जाळ्यावरून आकडे पाठवत आणि पाणी चढलं की ती मोबाइलवरून उपसा करणारे पंप चालवी.

सासूबाईंच्या वाढदिवसाला ती केक खात बसली होती. मोबाइल थरथरला. तिच्याच घराशेजारच्या कालव्याचं पाणी चढत होतं! तिने पंप सुरू केला. पातळी तरीही चढतीच. तिने दुसराही सुरू केला.

खिडकीतून बघत सासूबाई म्हणाल्या, "अगं, बाहेर लख्ख ऊन आहे."

"आई, आभाळाकडे बघून ठरवायचे दिवस गेले," विट्स्के म्हणाली. हे वाक्य तिला स्वतःलाच फार आवडलं.

थोड्या वेळाने नवऱ्याचा, गोसेचा फोन आला.

"आपलं घर कललंय."

"कललंय म्हणजे?"

"मी टबात होतो. आता टबातलं पाणी स्वयंपाकघरात आहे, आणि घर गाळात."

त्यांचं घर कालव्यात तरंगणारं होतं. म्हणजे, दुपारपर्यंत होतं.

विट्स्के धावत पोचली. शेजारी पुलावर गोळा झाले होते. वरून खाली पाण्यापर्यंतचं अंतर मोजणाऱ्या पुलाखालच्या सेन्सरच्या बरोबर खाली, खांबाच्या कट्ट्यावर, कपाळावर पांढरा टिळा असलेला एक चांदवा पक्षी घरटं रचत होता. एक काडी, मग दुसरी. घरटं उंच होई, तसं सेन्सरला वाटे की पाणीच वर आलं. आणि विट्स्के इमानाने कालवा उपसत होती.

"बाईसाहेब, अजून एखादा पंप आहे का हो? तळ नीट दिसत नाही," एका शेजाऱ्याने विचारलं.

विट्स्केने मान खाली घालून पंप बंद केले, हाताने चाक फिरवून कालव्याचा दरवाजा उघडला आणि पाणी आत घेतलं. गोसे टॉवेल गुंडाळून कललेल्या दारात उभा होता. तिच्याकडे बघून तो हसला, मग तिलाही हसू आवरेना.

सोमवारी कुणी विचारायच्या आत तिनेच कचेरीत सगळं सांगून टाकलं.

"मग त्या पक्ष्याचं काय करायचं?" साहेबांनी विचारलं.

"काही नाही. त्याचं बांधकाम उत्तम आहे. सेन्सर मी हलवते. आणि पंप लावण्याआधी एकदा खिडकीतून बघत जाईन म्हणते."