चौथी ओळ

धाकट्याचा एक तोरा होता. कॉम्प्युटर दुरुस्तीच्या त्याच्या दुकानात कुणी रडत आलं, की तो आधी झापायचा, "अहो, समोर काय लिहिलंय ते न वाचता हो म्हणता कसे तुम्ही?" वीस वर्षं लोक खाली मान घालून हे ऐकत आले होते.

दादाचं स्वरयंत्र तीन वर्षांपूर्वी ऑपरेशन करून काढलं. पण दादा बेरकी! ऑपरेशनच्या आधी आठ दिवस दार लावून त्याने हजारभर वाक्यं फोनवर रेकॉर्ड केली आणि इंटरनेटवरच्या एका हौशी माणसाला पाठवली. त्या भल्या माणसाने त्यातून दादाचा आवाज घडवला आणि आपल्या साइटवरून पाठवून दिला. दादाने टाइप करायचं आणि लिनक्सवर चालणाऱ्या जुन्या कॉम्प्युटरने त्याच्याच घोगऱ्या आवाजात बोलायचं. "छोट्या, जाडा झालास लेका!" हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा धाकटा हसता हसता रडला होता.

परवा वहिनीचा फोन आला. "भाऊजी, हॉस्पिटलची साइट उघडत नाही हो. जरा येऊन बघाल का?"

धाकटा सकाळीच गेला. बघतो तर काय, दोन वर्षं मशीन कुणी अपडेटच केलेलं नव्हतं! "एवढ्याशा साइटचं काय घेऊन बसलात, सगळंच नवं करून टाकतो," म्हणाला. जागा हवी म्हणून पूर्वी इंटरनेटवरून उतरवलेल्या सगळ्या फाइली झाडून काढल्या. दादाचा बोलणारा प्रोग्राम बंद केला. म्हणजे दादाचं तोंडच बंद केलं म्हणा ना, पण तासाभराचाच तर प्रश्न होता.

त्याने अपडेटची आज्ञा दिली. एक साइट सापडत नाही, अशी लाल ओळ आली. येतातच अशा, म्हणून त्याने ती सोडून दिली. मग भली मोठी यादी सरसर वर गेली. हे नवं येणार, हे काढलं जाणार, पुढे जाऊ का?

मागून दादाने खांद्यावर टकटक केलं.

"थांब रे, एक मिनिट," धाकटा मागे न बघताच म्हणाला.

दादाचा हात कीबोर्डकडे आला. "अरे, मध्ये मध्ये काय करतोस दादा! चहा ना? घेतो की मग," म्हणत धाकट्याने तो हात हसून बाजूला सारला, होकाराचं अक्षर दाबलं आणि एंटर मारलं.

काम झाल्यावर हॉस्पिटलची साइट झकास उघडली. बोलणारा प्रोग्राम मात्र कुठेच नव्हता. धाकट्याने शोधाशोध सुरू केली. त्या हौशी माणसाची साइट बंद पडलेली. त्याला धाडलेली मेल उलट पावली परत आली. मशीनवर आवाजाची जी एक प्रत होती, ती धाकट्यानेच सकाळी झाडून टाकली होती. आणि मूळ रेकॉर्डिंगचा फोन तर केव्हाच भंगारात गेलेला.

लिनक्स आपल्या प्रत्येक कामाची नोंद ठेवतं. त्याने ती उघडली. अकरा बेचाळीसला काढलेल्या गोष्टींची यादी तिथे होती. चौथी ओळ होती, दादा-आवाज. त्या माणसाने कौतुकाने ठेवलेलं नाव. अपडेटमधून येणाऱ्या नव्या गोष्टींशी त्याचं जमत नव्हतं, म्हणून काढून टाकू का, असं मशीनने रीतसर विचारलंही होतं.

धाकट्याने मागे वळून विचारलं, "तू वाचलं होतंस?"

दादाने होकारार्थी मान हलवली.

"मग मला ढकलायचंस ना! दोन मुस्कटात द्यायच्यास!" धाकटा ओरडला. स्वतःच्याच मूर्खपणाचा राग तो अजून दादावरच काढत होता, आणि हे कळून त्याला आणखीच लाज वाटली.

वहिनी दारात उभी होती, हातात चहाचा कप तसाच.

दादाने टेबलावरचं हॉस्पिटलचं पाकीट ओढलं, पेन शोधलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर सावकाश लिहून त्याच्यापुढे सरकवलं.

"ओरडलो होतो रे छोट्या. तुझी पाठ होती माझ्याकडे."