गोधडीतला शुक्र

मी एक जुना शुक्र आहे. आकाशातला नव्हे, तो माझ्याहून फार मोठा आणि फार तापट. मी कागदाच्या लगद्याचा, चांगल्या कलिंगडाएवढा गोळा. कोथरूडमधल्या अंध मुलामुलींच्या एका निवासी शाळेत, भूगोलाच्या खोलीतल्या फळीवर मी बसतो. माझ्या एका बाजूला छोटा बुध, दुसऱ्या बाजूला पृथ्वी आणि तिच्या पलीकडे मंगळ. मित्रांनो, माझी हकिकत सांगण्यासारखी आहे की नाही, याची मला अजूनही खात्री वाटत नाही. सांगायला बसलो की लाज वाटते. पण न सांगता गप्प बसण्याचीही लाज वाटते, म्हणून सांगतो.

माझा जन्म कुंभारवेशीजवळ, बापूराव मूर्तिकारांच्या कारखान्यात झाला. गणपतीचा हंगाम संपला होता. आमच्या शाळेचे भूगोलाचे अनंत सर तिथे आले आणि म्हणाले, "बापूराव, चार ग्रह हवेत. बोटांनी वाचता येतील असे."

बापूरावांनी बुध केला तेव्हा ओल्या लगद्यात मूग, वाटाणे, चिंचोके दाबून काढून घेतले. सगळ्या मापांचे खड्डे उमटले. मंगळावर त्यांनी एक भलाथोरला डोंगर उभा केला आणि बोटाने एक लांबलचक दरी ओढली. पृथ्वीचे समुद्र गुळगुळीत घोटले, जमिनीवर वाळू चिकटवली. माझ्या अंगावर मात्र त्यांनी लगद्याचे थरावर थर ओतले, परातीत गुळाचा पाक पसरावा तसे. तो माझा लाव्हा. त्यावर घावनासारखे चपटे उंचवटे, एक उंच डोंगररांग आणि मोजकेच मोठे खड्डे. वाळल्यावर माझा पृष्ठभाग असा काही खरबरीत झाला की बापूरावांनी कपाळाला हात लावला.

"अहो सर, माझ्या कारखान्यातून असली खडबडीत वस्तू आजवर बाहेर गेलेली नाही. निदान पॉलिश पेपर तरी मारू द्या. लोक नावं ठेवतील मला."

"ही मुलं डोळ्यांनी नावं ठेवणार नाहीत बापूराव. बोटांनी ठेवतील. राहू द्या तसाच."

अशा रीतीने मी खरा राहिलो. माझ्या आयुष्यातली अभिमानाने सांगावी अशी ही एकच गोष्ट.

शाळेत आल्यावर सरांना नवी काळजी लागली. जमीन हाताला लागली, पण हवा कशी लागणार? तेव्हा वसतिगृहाच्या मंदाकिनीबाई, ज्यांना सगळी मुले मंदामावशी म्हणतात, त्या पुढे आल्या. बुधाला हवा जवळजवळ नाहीच, म्हणून तो उघडा राहिला. मंगळाची हवा अगदी विरळ, म्हणून त्याच्यावर जुन्या मच्छरदाणीचा एक पदर आला. पृथ्वीला मलमलीचे झबले मिळाले. आणि माझी हवा पृथ्वीच्या नव्वदपट दाबाची, म्हणून मावशींनी जुन्या सुती साड्यांचे थर एकावर एक घालून मला चक्क गोधडी शिवली. प्रत्येकाच्या कपड्याला नाड्या होत्या. आधी हवा चाचपायची, मग गाठ सोडून जमीन बघायची, ही सरांची पद्धत.

ती वर्षे फार चांगली गेली. बाहेरगावचे शिक्षक आम्हाला बघायला येत. मुले माझी गाठ सोडत आणि आतला लाव्हा लागताच "बापरे!" म्हणत. मला ते "बापरे" फार आवडे.

पण नाड्या तुटत. माझी गोधडी कधी पलंगाखाली सापडे, कधी कोणाच्या उशीखाली. शेवटी एकदा मावशी वैतागल्या. त्यांनी सुईदोरा घेतला आणि गोधडी माझ्या अंगावर चहूबाजूंनी घट्ट शिवून टाकली.

"आता बघतेच कशी हरवते ती!" त्या म्हणाल्या.

अनंत सरांनी ते पाहिले. त्यांचे तोंड काही बोलायला उघडले. पण मावशींचा चेहरा इतका खुशीत होता की सर एवढेच म्हणाले, "छान झालंय हो." सुट्टीत हळूच उसवू, असे त्यांनी मनाशी ठरवले असावे. सुट्ट्या येत राहिल्या आणि जात राहिल्या. भिडस्त माणसांचे असेच होते.

आता मी मऊ झालो. रविवारी दुपारी आईवडील भेटून परत गेले की वसतिगृहातली लहान मुले रडवेली होत. त्यांतले कोणीतरी भूगोलाच्या खोलीत येई, फळीवरून मला उतरवी आणि पोटाशी धरून बसे. बुधाला कोणी कधी पोटाशी धरले नाही. मंगळालाही नाही. "शुक्र छान आहे," मुले एकमेकांना सांगत. "शुक्र उबदार आहे."

मित्रांनो, तुम्हाला वाटेल, यात लाजण्यासारखे काय? सांगतो. ज्याचे नाव मी लावतो, तो कोणाला कुशीत घेणारा नाही. त्याच्या दाट हवेत उष्णता शिरते आणि अडकून पडते. म्हणून सूर्यापासून बुधाहून दूर असूनही तो बुधाहून तापलेला आहे. बुधावर निदान रात्री हाडे गोठवणारी थंडी पडते. शुक्रावर दिवस-रात्र सारखाच वणवा. ढग गंधकाम्लाचे. हवेचा दाब असा, की जणू समुद्रात जवळजवळ किलोमीटरभर खाली जाऊन उभे राहावे. हे सगळे मला ठाऊक होते, आणि तरी कोणी गाल टेकवला की मला बरे वाटे. प्रेम मला मिळत होते, पण ते माझ्यासाठी नव्हते. ते त्या साड्यांसाठी होते.

आमच्या शाळेत आठवीपर्यंतचे वर्ग आहेत. गेल्या वर्षी आठवीत मैत्री नावाची मुलगी होती. तिला नववीपासून जवळच्या मोठ्या शाळेत, डोळस मुलांबरोबर, विज्ञान शिकायचे होते. आमच्या मुलांना विज्ञानाऐवजी दुसरे विषय घेण्याची सवलत असते, आणि बहुतेक वेळा ती आग्रहासारखी पुढे केली जाते. मैत्री म्हणे, "मला सवलत नको, विषय हवा." त्या शाळेच्या मुख्याध्यापिका ऋचा मॅडम एप्रिलमध्ये स्वतः तिला भेटायला आल्या. त्यांच्या होकारावर मैत्रीचे सगळे अवलंबून होते.

भेट भूगोलाच्या खोलीतच झाली. अनंत सर दाराशी उभे होते, मंदामावशी चहा घेऊन आल्या होत्या.

"शेजारचे ग्रह शिकलीस ना?" ऋचा मॅडमनी विचारले. "शुक्राचं तापमान किती?"

"साधारण चारशे पासष्ट अंश," मैत्री ताडकन म्हणाली.

"हवा?"

"मुख्यतः कार्बन डायऑक्साइड. पृथ्वीच्या नव्वदपट दाब."

"वा. आणि जमीन कशी आहे तिथली?"

मैत्रीने सवयीने हात पुढे केला, मला गोंजारले आणि हसून म्हणाली, "मऊ."

अनंत सरांनी डोळे मिटले.

"मऊ," ऋचा मॅडम म्हणाल्या. "बरं. तू तिथे उभी राहिलीस तर काय होईल?"

"ऊब लागेल. हवा गोधडीसारखी आहे ना."

"म्हणजे थंडीत सहल काढायला हरकत नाही. शाल न्यायला नको." मॅडमचा आवाज कोरडा होता. "अगं, चारशे पासष्ट म्हणालीस ना आत्ताच? पाणी शंभरावर उकळतं. मग तुझी ऊब कुठून आली?"

दोन्ही गोष्टी मैत्रीला येत होत्या. आकडा तिने कानाने घेतला होता आणि शुक्र हाताने, आणि त्या दोघांची आजवर गाठच पडली नव्हती. तिचे कान लाल झाले.

ऋचा मॅडम सरांकडे वळल्या. "आकडे पाठ आहेत, सर. समजलेलं नाही. हुशार आहे मुलगी. भाषा घेऊ दे, संगीत घेऊ दे. विज्ञानाचा हट्ट कशाला?"

त्या क्षणी फळी मोडून खाली पडावे आणि आपले तुकडे व्हावेत, असे मला वाटले. तिने उत्तर माझ्यावर हात ठेवून दिले होते. खोटा मी होतो, आणि चूक तिच्या नावावर चढत होती.

"मॅडम, चूक तिची नाही, ती माझी..." अनंत सर पुटपुटले.

तेवढ्यात मैत्री म्हणाली, "मावशी, कात्री आहे?"

"अगं, कशाला?"

"याच्या आत काय आहे ते मला कधी कोणी दाखवलं नाही."

मंदामावशींनी कमरेची कात्री काढली आणि टाके कापायला घेतले. थर सुटत गेले. मी उघडा पडलो. रंग पिवळट पडलेला, एका बाजूला बुरशी. इतक्या वर्षांनी अंगाला वारा लागला आणि मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

मैत्रीची बोटे टेकली आणि दचकून मागे गेली. मग परत आली. लाव्ह्यावरून फिरली, चपट्या उंचवट्यांवर थांबली, एका खड्ड्यात उतरली. डाव्या हाताने तिने बुध ओढून घेतला. बराच वेळ दोन्ही हात चालत होते.

"सर, बुधावर लहानमोठे सगळे खड्डे आहेत. याच्यावर नुसते मोठे. बारीक एकही नाही."

सर सांगायला पुढे झाले. ऋचा मॅडमनी हात वर केला. "थांबा सर. तिलाच बोलू द्या."

"आकाशातून बारीक दगड इथे पडतच नाहीत असं कसं होईल? शेजारीच तर आहे." मैत्रीने मंगळाची मच्छरदाणी वर केली आणि चाचपले. "इथेही बारीक आहेत. मंगळाची हवा कोणाला अडवत नाही. बुधाला हवाच नाही. म्हणजे शुक्राचे बारीक दगड..." ती थांबली. "ते खाली पोचतच नाहीत. वरच्या वर जळून जातात, मोडून जातात. मोठे तेवढे उतरतात."

तिने बोट पुन्हा एका मोठ्या खड्ड्यात टेकवले.

"दगड संपवणारी हवा आहे ही," मैत्री हळू म्हणाली, "आणि मी तिला गोधडी म्हणत बसले." तिने हात मांडीवर घेतले आणि मान खाली घातली.

ऋचा मॅडम उठल्या. "जूनमध्ये ये तू. आणि अनंत सर, तिच्याआधी तुम्ही या. आमच्या प्रयोगशाळेत सगळं काचेच्या कपाटात आहे, हात लावण्यासारखं काहीच नाही. काय करायचं ते सांगा."

त्या गेल्यावर मंदामावशी गोधडीची घडी घालत म्हणाल्या, "मेलं, माझंच डोकं. पोरांना मऊ लागावं म्हणून शिवलं गं."

"शिवलंत छान होतं मावशी. फक्त ग्रह चुकला," मैत्री म्हणाली. मावशी डोळे पुसतापुसता हसल्या. अनंत सर हसू शकले नाहीत. ते माझ्यासमोर उभे राहिले आणि रुमालाने माझी बुरशी पुसत राहिले.

आता मैत्री मोठ्या शाळेत जाते. मी पुन्हा खरबरीत आहे. रविवारी मला पोटाशी धरायला कोणी येत नाही, आणि खरे सांगतो, त्याचे वाईट वाटते. वाईट वाटते याचीही लाज वाटते. परवा दुसरीतल्या अवनीने सवयीने मला मिठी मारली आणि चटकन हात काढून घेतले. "शी, हा टोचतो! हा खरंच असा आहे?"

"खरा याहून वाईट आहे," अनंत सर म्हणाले. "बघायचाय?"

अवनीने जरा विचार केला आणि एकच बोट पुढे केले.

मित्रांनो, तुमच्या शाळेतही माझे भाऊबंद असतील, कपाटात, काचेमागे, प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेले. त्यांना बाहेर काढा. हाताळल्याने आमचा रंग जाईल, एखादा डोंगर झिजेल. तो पुन्हा लावता येतो. आम्ही टोचलो तर 'टोचता' असे मोकळेपणी म्हणा. आणि आमच्यावर प्रेम करणे जमले नाही, तरी आमची काही तक्रार नाही. आम्हाला नीट वाचा, एवढे पुरे.