अंगचोर

क्लेम हॅनिगनचं डार्सी विंटलबद्दल एक मत होतं, आणि मत असलं की ते पोटात ठेवायची क्लेमला सवय नव्हती. पोरगा उंच उडतो, लांब मारतो, पण अंग चोरतो. तीन हिवाळे झाले, क्लेम हे दर शनिवारी कॉर्निश पार्कच्या लाकडी बाकावर बसून सांगत होता. ऐकायला दोघंच असत, पण क्लेमला तेवढी पुरत. चाळीस वर्षं दारोदार टपाल टाकत एकट्याने हिंडलेला माणूस, बोलायला कुणी सापडलं की सोडत नसे.

त्या दोघांतला एक स्टाव्ह. मासे आणि चिप्स तळायचं दुकान मुलाच्या गळ्यात घालून मोकळा झालेला. दुसरी नोएलीन. नवरा गेल्यापासून त्याच्या जागेवर ती आपली पिशवी ठेवी, म्हणजे तिथे दुसरं कुणी बसायला नको. पिशवीत चहाचा थर्मास असे आणि चहा तिघांत वाटला जाई. कॅसलटन क्लब ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा, त्यात चेंडू हातांनी धरायचीही मुभा असते. त्याचा मोठा संघ शहरातल्या मोठ्या मैदानावर खेळे आणि त्याला माणसांचा समुद्र लोटे. ही तिघं मात्र राखीव संघाची चाहती. ज्यांना वर घ्यावं की घरी पाठवावं हे क्लबचं ठरत नाही, असे खेळाडू इथे खेळत. नावाजलेल्यांबद्दल टीव्हीवर बोलायला पगारी माणसं आहेत; या बिचाऱ्यांबद्दल आपण नाही बोलायचं तर कुणी, असं क्लेमला मनापासून वाटे. त्याला ते समाजकार्यच वाटत होतं म्हणा ना.

डार्सी गिप्सलँडकडचा, गायींच्या धारा काढणाऱ्या घरातला. वय चोवीस. तीन वर्षांत मोठ्या संघातून नऊ सामने खेळला होता, तेही कुणाचा गुडघा गेला म्हणून, कुणाला ताप आला म्हणून. त्याचा करार या मोसमाअखेर संपत होता. पुढचा मिळणार की नाही, यावर बाकावर दर शनिवारी नव्याने खटला चाले.

बचावाची वकील नोएलीन. चेंडू कुठे पडणार हे त्याला इतरांच्या आधी कळतं, हवेत दोन हातांत धरलेला चेंडू तो कधी सोडत नाही, आणि गोल झाल्यावर माकडचाळे करत नाही, हे तिचे तीन मुद्दे. शेवटचा मुद्दा खेळाचा नव्हे असं स्टाव्ह म्हणे. स्टाव्हचं दुखणं डाव्या पायाचं होतं. पोराला देवाने डावा पाय नुसता उभं राहायला दिलाय, उजव्यावर वळेपर्यंत समोरचा येऊन चहा पिऊन जातो, असं तो सांगे. यावर नोएलीन विचारी, तुझ्या डाव्या हाताने तू किती मासे तळलेस.

क्लेम हे सगळं शांतपणे ऐकून घेई आणि मग आपला हुकमी पत्ता टाकी. या खेळात माणूस ओळखायची एकच जागा. चेंडू मागून डोक्यावरून येतोय, आपण मान वर करून त्याच्याबरोबर धावतोय, आणि समोरून धावत येणारी धिप्पाड माणसं आपल्याला दिसत नाहीत. तिथे जो धावत राहतो तो खेळाडू. डार्सी तिथे धावायचा, पण शेवटच्या दोन पावलांत त्याची मान खाली यायची. समोर कोण आहे ते तो बघायचा. एवढं बघायला अर्धा क्षण लागतो, आणि तेवढ्यात चेंडू जातो. हे क्लेमनेच पहिल्यांदा टिपलं होतं. एकदा त्याने दाखवल्यावर मग स्टाव्हलाही दिसायला लागलं. नोएलीनलाही दिसत होतं, पण ती कबूल करत नव्हती.

ऑगस्टमधल्या त्या शनिवारी डार्सी झकास खेळत होता. सामन्याच्या चारपैकी तीन भाग संपले तेव्हा त्याच्या नावावर चार गोल होते, त्यातला एक चक्क डाव्या पायाने. नोएलीनने विजयी मुद्रेने चहा ओतला. स्टाव्ह फितूर झाला. पुढच्या आठवड्यात याला वर घेतात बघ, असं म्हणाला. क्लेम एकटा पडला, आणि एकटा पडलेला क्लेम फार वाईट.

तिसऱ्या भागानंतरच्या विश्रांतीत प्रेक्षकांनी मैदानात उतरायचं, ही तिथली जुनी रीत. कुत्री येतात, बाबागाड्या येतात, पोरं चेंडू मारत फिरतात. जाणती मंडळी मात्र खेळाडूंच्या कोंडाळ्याभोवती जाऊन उभी राहतात. प्रशिक्षक काय सांगतो ते खेळाडूंच्या खांद्यामागून ऐकायचं, अगदी घामाचा आणि मलमाचा वास येईल इतक्या जवळून. फक्त बोलायचं नाही. हे कुठे लिहिलेलं नाही, पण देवळात जसं कुणाला सांगावं लागत नाही तसंच ते आहे.

ती तिघं डार्सीच्या मागे उभी राहिली. प्रशिक्षक बोलत होता, मग श्वास घ्यायला थांबला. क्लेम स्टाव्हच्या कानाशी वाकला होता. आपण कुजबुजतोय असं त्याला वाटत होतं. पण वारा सोसाट्याचा होता, म्हणून त्याने आवाज जरा चढवला, आणि नेमका त्याच घटकेला वारा पडला.

"चार गोल मारून काय उपयोग. मागे धावायची वेळ आली की हा अंग चोरणारच. जिवाला फार जपतो पोरगा."

डार्सीच्या तोंडाकडे चाललेली पाण्याची बाटली वाटेतच थांबली. त्याने वळून पाहिलं नाही. बाटली खाली गेली. प्रशिक्षकाने पुढचं वाक्य सुरू केलं. नोएलीनने क्लेमकडे पाहिलं, आणि क्लेम आपल्या बुटांकडे बघू लागला.

चौथ्या भागाची सात मिनिटं झाली असतील. कुणीतरी घाईत चेंडू उंच भिरकावला. डार्सी त्याच्याबरोबर मागे धावत सुटला, मान वर, हात वर. क्लेम शेवटच्या दोन पावलांची वाट बघत होता. दोन पावलं झाली आणि मान खाली आली नाही. समोरून प्रतिस्पर्ध्यांचा एक आडदांड गडी तितक्याच वेगाने येत होता. तोही चेंडूकडेच बघत होता, त्याला काय बोल लावणार. त्याचा गुडघा डार्सीच्या कानामागे बसला. तो आवाज बाकापर्यंत आला.

स्ट्रेचर येईपर्यंत अकरा मिनिटं गेली. त्याला उचलून नेताना सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते, समोरच्या संघाचे लोकसुद्धा. मानलं पोराला, स्टाव्ह म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले होते. क्लेमने दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले. डार्सीची मान खाली का आली नाही, हे त्याला चांगलं माहीत होतं.

तीन आठवड्यांनी क्लबने कळवलं की डार्सी विंटल यापुढे खेळणार नाही. डॉक्टरांनी मनाई केली होती. बातमीत आणखी एक ओळ होती: मेंदूला बसलेला हा त्याचा चौथा मोठा धक्का. चौथा. आधीचे तीन कुणाला ठाऊक नव्हते, दोन तर तो गावच्या संघातून खेळत असतानाचे होते. क्लेमने ती ओळ चष्मा पुसून पुन्हा वाचली. मग त्याला दोन दिवस जेवण गेलं नाही.

बाकावरचा खटला एकमताने निकालात निघाला. डार्सीसारखा धाडसी खेळाडू राखीव संघाने पाहिला नव्हता, असं आता सगळेच म्हणत, आणि सगळ्यात मोठ्याने स्टाव्ह. त्याने शेवटी दाखवून दिलं, तो क्लेमला सांगे, तुला खोटं पाडलं गड्याने. क्लेम मान हलवी. आयुष्यात पहिल्यांदा तो हरायला राजी होता, आणि हरूनही सुटका नव्हती. वारा होता, कुणाला ऐकू गेलं नसेल, असं तो स्वतःला सांगून बघे. मग ती थांबलेली बाटली डोळ्यांसमोर येई.

नोएलीन चहा देत होती, पण बोलत नव्हती. दुसऱ्या शनिवारी तिने थर्मासचं झाकण लावलं आणि समोर बघतच म्हणाली, "त्याने ऐकलं होतं, क्लेम. मी त्याच्या कानाशी उभी होते."

"मला माहीत आहे."

"मग इथे बसून काय करतोयस?"

मोसमाच्या शेवटच्या रविवारी क्लबच्या हॉलमध्ये डार्सीचा निरोप समारंभ होता. दुपारचे दोन वाजले होते, टेबलांवर खिमा भरलेले पॅटिस आणि सॉसच्या बाटल्या होत्या. डार्सी कोपऱ्यात काळा चष्मा लावून बसला होता, उजेड अजून सोसत नव्हता. लोक रांगेने येऊन त्याचा हात हातात घेत होते. क्लेम दोनदा रांगेत उभा राहिला आणि दोनदा पाणी प्यायला म्हणून बाहेर पडला. तिसऱ्या वेळी नोएलीन त्याच्या मागे उभी राहिली, त्यामुळे बाहेर पडायची सोय उरली नाही.

डार्सीने त्याला ओळखलं. "तुम्ही तिसऱ्या बाकावरचे ना? दर शनिवारी असता."

हो, क्लेम म्हणाला.

"मग तुम्हीच सांगा. मला त्या दिवसाचं काही आठवत नाही, पाणी प्यायलेलंसुद्धा नाही. सगळे म्हणतात मी मागे धावत गेलो, समोर न बघता, मागचापुढचा विचार न करता. मी तसा नाहीये हो. मी असं का केलं असेन?"

'हिंमत' असा एक शब्द क्लेमच्या जिभेवर तयार होता. दिवसभर प्रत्येकाने तोच दिला होता. तो शब्द देऊन क्लेम पुढे सरकला असता तर कुणाला कळलं नसतं. नोएलीननेही त्याला पकडून ठेवलं नसतं. मैदानाला जे आठवत नाही आणि पोराला जे आठवत नाही, ते फक्त बाकावरच्या म्हाताऱ्यांच्या डोक्यात राहिलं असतं, आणि तीही किती वर्षं राहणार होती.

"मी बोललो म्हणून," क्लेम म्हणाला. "विश्रांतीत, तुझ्या पाठीमागे उभा राहून. तू अंग चोरतोस असं म्हणालो. जिवाला फार जपतोस म्हणालो. तुला ऐकू गेलं."

डार्सीने चष्मा काढला. डोळे बारीक करून त्याने क्लेमकडे पाहिलं. क्लेमला वाटलं, आता शिवी येईल, आणि ती यावी म्हणून तो मनातल्या मनात हात जोडून उभा होता.

"जपतच होतो," डार्सी म्हणाला. "तिसऱ्या धक्क्यानंतर डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणखी एक बसला की संपलं. म्हणून मान खाली घालायची सवय मी मुद्दाम लावून घेतली. तीन वर्षं घासून घासून. तेवढ्यावरच खेळत होतो. मला वाटायचं, बाहेरून कळत नसेल."

"मला कारण माहीत नव्हतं रे."

"माहीत असतं तर बोलला नसतात?"

क्लेमने विचार केला. या पोराला आता खोटं द्यायचं नव्हतं. बाकावरचे तीन हिवाळे त्याला आठवले, नोएलीन हरली की होणारा तो गोड आनंद आठवला.

"बोललो असतो," तो म्हणाला. "फक्त बाकावर बसून बोललो असतो."

डार्सीने मान डोलावली. रागावलाय की नाही ते चेहऱ्यावरून कळत नव्हतं. त्याने चष्मा परत चढवला आणि हात पुढे केला, क्लेमच्या नव्हे, त्याच्या मागे उभ्या असलेल्या नोएलीनच्या दिशेने.