गाळलेल्या सहा ओळी

पान एकशेबारावर माझी जीभ अडखळली. "एक मिनिट, सर," म्हणून मी पाणी प्यायले.

समोर हॉलिस सर डोळे मिटून बसले होते. उघडे असते तरी फरक पडला नसता. गेल्या वर्षी त्यांची नजर पूर्ण गेली. अमेरिकेतले कवी, दुबईत शिकवायला आले आणि तिथल्याच अल मनखूल भागात राहिले. चाळीस वर्षं त्यांनी लॅटिन कविता इंग्रजीत आणल्या. हे त्यांचं शेवटचं पुस्तक, एकाच जुन्या लॅटिन कवीच्या कवितांचं. ते सांगायचे, मी टाइप करायचे. आज पाचपर्यंत प्रुफं मंजूर करायची होती आणि साडेतीन वाजून गेले होते.

या कवितेत नाविकाची बायको प्रत्येक कडव्यानंतर एकच ओळ म्हणते: वाऱ्या, त्याला आज तरी सोड. सात वेळा. पानावर ती एकदाच होती.

दोष छापणाऱ्यांचा नव्हता. बर दुबईच्या शिपिंग ऑफिसात बावीस वर्षं मी मालाच्या याद्या टाइप केल्या. ओळ पुन्हा आली की काढून टाकायची, हे हातातच बसलेलं. फाइल पाठवण्याआधी मोठ्या शहाणपणाने मीच ती साफ केली होती.

मी पुढे वाचायला लागले आणि ओळ जिथे नव्हती तिथे तोंडपाठ म्हणत गेले. सर खूश दिसले. मला स्वतःची लाज वाटली.

स्वयंपाकघरात जाऊन मी नवऱ्याला फोन लावला. गुणवंत म्हणाले, "अगं, त्यांना दिसतंय कुठे? अप्रूव्ह कर, खलास. या वयात दुसरा जॉब कोण देणार तुला?"

बोलणं खोटं नव्हतं. तरी बाहेर आले आणि सरांना सगळं सांगून टाकलं.

मग त्यांनी लंडनच्या संपादिकेला फोन लावायला सांगितला. तिला म्हणाले, "चूक माझी आहे, सहा ओळी परत घाला." ती म्हणाली, मग मजकूर एक पान पुढे सरकतो आणि आता पान वाढवता येणार नाही. शेवटचं पान गाळावं लागेल.

शेवटच्या पानावर सरांची स्वतःची कविता होती. अख्ख्या पुस्तकात त्यांची अशी एकच. बायको गेली त्या वर्षी लिहिलेली, कुठेही न छापलेली.

"सर, त्यापेक्षा टिपा कमी करू या," मी म्हणाले.

"टिपांशिवाय त्या लॅटिन कवीचं कोणाला कळणार? पुस्तक त्याचं आहे, साधना. काढ ते पान."

एकदा वाचून दाखवू का, असं मी विचारलं. त्यांनी मान हलवून नको म्हटलं.

पाचला दहा मिनिटं कमी असताना मी मंजुरी पाठवली आणि तसं त्यांना सांगितलं. सर खिडकीकडे तोंड करून बसले. थोड्या वेळाने त्यांचे ओठ हलायला लागले, काढलेल्या पानावरची एकेक ओळ, सावकाश. मी कीबोर्डवरचे हात उचलून मांडीवर ठेवले.