खंडेनवमीचा रंग

बॅटरी भुजंगनं विकली असं ठरलं असतं, तर सर्जेरावांचा दुहेरी फायदा होता. ड्रायव्हर भुजंगचा दीड महिन्याचा थकलेला पगार वाचला असता, आणि बायकोचा भाऊ अप्पाराव, जो लायसन काढून तीन महिने त्यांच्याच घरी जेवत होता, त्याला सीट मिळाली असती. त्यामुळे पिंपळगाव रेणुकाईच्या मिरची बाजारात पिकअपनं नुसतं 'टक' केलं, तेव्हा सर्जेरावांना निदानाला वेळ लागला नाही.

"महिन्यामागं नवी टाकली व्हती! यानं जालन्यात नवी विकून जुनी बसवली!"

आवाज असा, की काट्यावरचे हमालही वळले. साठेक माणसं गोळा झाली.

"मालक, सकाळीच सांगितलं, सेल मारून न्हाई राह्यला," भुजंग म्हणाला. "घरून उतारावर सोडून चालू केली. हितं म्हणलं, इंजन बंद करू नका. तुम्हीच चावी फिरवली."

"मंग? डिझेल काय तुझा बाप भरतो?"

आता ढकलायलाही जागा नव्हती. पुढं मिरचीचे ढीग, मागं चढ. गाडीत तीस गोण्या हिरवी मिरची. गोणीत हात घातला तर आतून ऊब लागत होती. व्यापाऱ्याचा ट्रक धावड्याच्या रस्त्याला उभा होता आणि चारला निघणार होता. तीन वाजून गेले होते.

"खरा असशील तर देवीच्या पायरीवर हात ठेव."

भुजंगनं चपला काढल्या. "चला. आत्ता चला."

"आधी गाडीचं बघू," सर्जेराव म्हणाले.

देवानंद मिस्तरी सायकलवरून आला तोवर लिलाव पुकारला गेला होता. गर्दी तिकडं पांगली. उरले चौघं, अप्पाराव धरून.

"हेडलाइट लाव, भुजंगदादा." लाइट लख्ख लागले. "आता सेल मार." टक. लाइट जरासुद्धा मंद झाले नाहीत.

"बॅटरी मेलेली असती तर लाइट झोपले असते. हिच्यात जोर बराबर हाये. सेलमोटरला करंटच भेटून न्हाई राह्यला."

"म्हंजे सेलमोटरपण विकली का?"

देवानंदनं एक जाड वायर काढून एक टोक बॅटरीच्या मायनसला लावलं, दुसरं इंजनाला. "मार." इंजन धडधडलं. सर्जेराव हसले. देवानंद म्हणाला, "बंद कर."

"अरे, बंद नको करू! पावणेचार होत आले!"

पण भुजंगनं बंद केलं. देवानंद खाली सरकला. इंजन आणि चेसी जोडणारी अर्थिंगची पट्टी त्यानं सोडवली. पट्टीखाली चेसीला लालभडक रंग होता, बोल्टच्या भोकापर्यंत.

"परवा खंडेनवमीला रंग कुणी मारला? बोल्ट काढून, पट्टीखालीसुद्धा? रंगातून करंट जात न्हाई."

पेंटरचे दोनशे वाचवले होते ते सर्जेरावांनी. नखांच्या कडा अजून लाल होत्या.

देवानंदनं सँडपेपरनं लोखंड चकचकीत केलं, पट्टी आवळली. चावी फिरवताच गाडी चालू झाली.

"चल, बस जल्दी," सर्जेराव म्हणाले. "झालं गेलं."

भुजंग खाली उतरला. "मघाशी जेवढ्या मोठ्यानं बोलले, तेवढ्याच मोठ्यानं बोला. तिकडं लिलावात चला आन् म्हणा, भुजंगनं बॅटरी न्हाई विकली."

"गाडीत बोलू."

"हितं बोला."

सर्जेरावांनी घड्याळ बघितलं, लिलावाच्या गर्दीकडं बघितलं. मग खिशातून पैसे काढून दीड महिन्याचा पगार मोजून त्याच्या हातात ठेवला, आणि अप्पारावाला सीट दाखवली. ते एक वाक्य काढायला पैसा लागत नव्हता. तेवढंच त्यांना परवडलं नाही.

मिरची चारच्या आत पोचली. अप्पारावाला नोकरी लागली. देवानंदला वीस रुपये मिळाले. चोरीचा आळ साठ जणांनी ऐकला होता; रंग खरवडताना चौघांनी पाहिला, आणि त्यातला एक आता गाडी चालवत होता. सर्जेरावांचे पगाराचे पैसे गेले, ते तसेही द्यायचेच होते, आणि वर वीस रुपये. बाकी सगळं भुजंगनं भरलं.