मार्चमधलं मेडल

शाळेत माझ्याकडे पंचेचाळीस मुलं आणि अकरा कॉम्प्युटर होते. म्हणून मी वर्गाला एक नियम घालून दिला होता. अडलं की आधी एफ-वन दाबायचं आणि तिथल्या मदतीला, म्हणजे 'हेल्प'ला, विचारायचं. मग शेजारच्याला विचारायचं, आणि कुणालाच जमलं नाही तर मला. मदतीला भूक लागत नाही, मला लागते, असं मी म्हणायचे आणि मुलं हसायची. निवृत्त झाल्यावर घरात हा नियम एकटी दानिका पाळत राहिली. दानिका म्हणजे माझी नात, बारा वर्षांची; मला ती लोला म्हणते, म्हणजे आजी.

तिची आई नेरिसा, माझी मुलगी, दहा वर्षं हाँगकाँगमध्ये एका घरी मूल सांभाळायला होती. गेल्या महिन्यात तापाने ती तिथेच गेली. गुरुवारी शवपेटी घरी आली, दफन रविवारी. पेटीशेजारच्या टीव्हीवर नेरिसाचे फोटो फिरत राहायला हवे होते, हल्ली सगळ्यांच्याच घरी असतात तसे. ते काम दानिकाने अंगावर घेतलं आणि दुसऱ्या कुणाला लॅपटॉपला हात लावू दिला नाही.

शुक्रवारी दुपारी मी तिच्यासाठी पाव घेऊन गेले, तर तिने स्क्रीन झटकन वळवली. तरी मला दिसायचं ते दिसलं. आधी विचारलेले प्रश्न मदतीच्या चौकटीत एकाखाली एक राहतात. पहिला होता, 'आई मला मेडल घालते आहे असा फोटो कसा करायचा'. काही सापडलं नाही, कमी शब्द वापरून पाहा, असं उत्तर आलं होतं. मग 'आई मेडल फोटो'. तेही नाही. शेवटचा होता, 'फोटोतून माणूस काढणे'. त्याला मात्र उत्तर मिळालं होतं, पायऱ्यापायऱ्यांनी, चित्रांसकट.

आमच्याकडे मार्चमध्ये शाळेचा गौरव समारंभ असतो. मुलाचं नाव पुकारलं की आईने किंवा बापाने त्याच्याबरोबर मंचावर चढायचं आणि स्वतःच्या हाताने मेडल गळ्यात घालायचं. नेरिसाला दर दोन वर्षांनी सुट्टी मिळायची, पण ती कधी मार्चमध्ये पडली नाही. बापाचा पत्ता पहिल्यापासूनच नव्हता. सहा वर्षं मीच चढले. काढायचं होतं ते माणूस मीच होते.

दानिकाचे कान लाल झाले. मी खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसले आणि कुठे अडलंय ते विचारलं.

"लोला, तू रागावशील."

"कुठे अडलंय?"

तिने दाखवलं. त्या सोयीत जे राहायचं ते तसंच राहतं आणि जे जायचं ते गुलाबी होतं. मंच गुलाबी झाला होता, पडदा झाला होता, मी खांद्यापर्यंत झाले होते. फक्त माझे हात जात नव्हते, कारण त्यांनी रिबन धरली होती. हात पुसले की रिबनही जायची. मी तिला म्हटलं, नीट वाच, मदतीत खाली आणखी एक ओळ आहे, राहायच्या भागावर पेन्सिलने खूण करता येते. तिने वाचलं आणि रिबनवर खूण केली. हात रिबनबरोबर परत आले.

"राहू देत," मी म्हणाले.

"पण ते म्हातारीचे दिसतात."

"भांडी घासून नेरिसाचेही असेच झाले होते."

नेरिसाचा फोटो निवडायला आम्हाला जास्त वेळ लागला. चेहरा खाली झुकलेला आणि हसरा असा एकच होता, आणि त्यात तिच्या कडेवर मालकांचं पोर होतं. दानिकाने त्या पोरावर सावकाश खुणा केल्या. ते गुलाबी झालं आणि गेलं. नेरिसाच्या हातांमध्ये एक मोठं भोक उरलं. आम्ही दोघी त्याच्याकडे बघत राहिलो. मग दानिकाने वस्तू मागे कशी पाठवायची ते मदतीला विचारलं, आईला मागे सरकवलं आणि स्वतःला पुढे आणलं. भोक झाकलं गेलं. पाव तसाच राहिला होता.

शनिवारी चार वाजता बायका प्रार्थनेला जमल्या. प्रार्थना झाली, कॉफी आणि बिस्किटं फिरली, टीव्हीवर फोटो सुरू झाले. तो फोटो आला तेव्हा नेरिसाची शाळेतली मैत्रीण एमेर्लिंदा म्हणाली, नेरिसा मेडल घालायला आली होती आणि मला कुणी कळवलंसुद्धा नाही?

दानिका खाली बघायला लागली.

चौतीस वर्षांत मी वर्गात कुणाचं खोटं चालू दिलं नव्हतं.

"मार्चमध्ये आली होती," मी म्हणाले. "एकाच दिवसासाठी."

शेजारची मानांग पुरिंग, म्हणजे सगळ्यांची पुरिंगताई, त्या समारंभात माझी पर्स सांभाळत तिसऱ्या रांगेत बसली होती. जिना चढताना माझी चप्पल निसटली तेव्हा सगळ्यात मोठ्याने तीच हसली होती. तिने कप खाली ठेवला. आता ही बोलणार, असं मला वाटलं.

"हो तर," पुरिंग म्हणाली. "मी होते ना तिथे. पठ्ठीने भेट म्हणून तिकडचा साधा साबणसुद्धा आणला नाही माझ्यासाठी. विचारलं तर म्हणते कशी, एका दिवसात कसला साबण, मानांग."

बायका हसल्या. अंगात पिवळा ब्लाउज होता, असं कुणीतरी म्हणालं. बारीक झाली होती, असं दुसरी म्हणाली. दानिका एकेकीच्या तोंडाकडे बघत होती. मग ती उठून पुरिंगच्या खुर्चीजवळ गेली.

"मानांग, माझ्याबद्दल काय म्हणाली ती?"

पुरिंगने तोंड उघडलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी शिक्षिका, मला सुचायला हवं होतं. पण तिकडचं पोर झोपवून झाल्यावर नेरिसा दर रविवारी रात्री उशिरा फोन करायची आणि एकच वाक्य म्हणायची, तेवढंच मला आठवत होतं.

"तू झोपली होतीस," मी दानिकाला म्हणाले. "ती म्हणाली, असू दे, उठवू नको तिला."